दुकानाचे कागद, लेकराचे कागद

ओझरच्या व्यापारी घरात जीएसटीचे विवरणपत्र सहसा चुकत नाही. त्यासाठी सनदी लेखापाल असतो, करारपत्रांसाठी वकील असतो. परंतु त्याच घरातील बौद्धिक अक्षमता असलेला मुलगा वीस वर्षांचा झाला, तरी त्याचे दिव्यांगत्व प्रमाणपत्र काढलेले नसते. ‘सरकारची मदत आपल्याला कशाला?’ हा संकोच समजण्याजोगा आहे. पण त्याची किंमत त्या मुलाला मोजावी लागते.

२०१६ च्या दिव्यांग कायद्याने २१ प्रकारच्या दिव्यांगत्वास मान्यता दिली, आणि त्या कायद्याच्या नावातच ‘हक्क’ हा शब्द आहे. बहुतेक लाभांसाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र लागते. ‘स्वावलंबन’ संकेतस्थळावर अर्ज करून नाशिकच्या जिल्हा रुग्णालयात तपासणी करून घेता येते. निर्णय मान्य नसल्यास अपिलाची सोय आहे.

प्रमाणपत्र हाती आले की आपल्या लेखापालांना विचारावे. जुनी करप्रणाली निवडणाऱ्या पालकास आश्रित दिव्यांग अपत्यासाठी ७५,००० रुपयांची, तर ८० टक्के वा अधिक दिव्यांगत्व असल्यास १,२५,००० रुपयांची वजावट मिळते.

वकिलांना विचारण्याचा प्रश्न याहून मोठा आहे: आपल्यामागे याचे कोण? १८ वर्षे पूर्ण होताच कायद्याच्या दृष्टीने मूल सज्ञान होते आणि आईवडिलांचे नैसर्गिक पालकत्व संपते. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता व बहुविकलांगता असणाऱ्यांसाठी १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यान्वये जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक समिती कायदेशीर पालक नेमते. शिवाय जैनांनाही लागू असलेला १९५६ चा हिंदू उत्तराधिकार कायदा शारीरिक वा मानसिक व्यंगामुळे कोणाचाही वारसाहक्क नाकारत नाही. तो वाटा सांभाळणारा पालक आईवडील हयात असतानाच ठरवणे शहाणपणाचे.

वकिलाचा खर्च परवडत नसेल, तर १९८७ च्या विधी सेवा कायद्यानुसार दिव्यांग व्यक्तीस उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. ओझरकरांना निफाड वा नाशिकच्या न्यायालयातील विधी सेवा कार्यालयात त्यासाठी अर्ज करता येतो.

मात्र टक्केवारी वाढवून देणाऱ्या दलालाला दारातही उभे करू नये. खोटेपणाने लाभ घेणे हा दोन वर्षांपर्यंत कैदेस पात्र गुन्हा आहे. आपल्या धर्मात तर ते अदत्तादानच.

अनुकंपा ही सम्यक्त्वाची खूण मानली जाते. ती घरातूनच सुरू व्हावी. यंदा वह्यापूजनाच्या वेळी दुकानाच्या चोपडीशेजारी लेकराच्या कागदांची एक फाईलही असू द्यावी.