कोर्टाने बसविलेला खर्च : अपील व वसुली

बांधाच्या किंवा वहिवाटीच्या वाटेच्या तंट्यात दिवाणी न्यायालयाचा निकाल लागतो, तेव्हा त्याच्या शेवटी बहुधा एक लहानसे वाक्य असते. दावा खर्चासह मंजूर केला आहे, अथवा खर्चासह काढून टाकला आहे, असे त्यात म्हटलेले असते. जिंकलेला पक्ष जमिनीच्या निकालाने संतुष्ट होऊन या वाक्याकडे दुर्लक्ष करतो. हरलेला पक्ष, आपण अपील करणार आहोत, तेव्हा खर्चाचे पुढे पाहू, असे समजून स्वस्थ बसतो. दोघांचीही यात फसगत होते. न्यायालय रक्कम ठरवून देते, पण ती वसूल करून घरी आणून देत नाही. आणि अपील दाखल झाले एवढ्याच कारणाने वसुली थांबत नाही. दोन्ही बाबतींत ज्याला गरज असेल त्याने स्वतः अर्ज करावा लागतो, आणि तोही मुदतीत.

न्यायालय एका पक्षावर पैशाचा बोजा कोणकोणत्या कारणांनी टाकू शकते, हे प्रथम समजून घेणे जरूर आहे. दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ हिच्या कलम ३५ प्रमाणे दाव्याचा खर्च कोणी सोसावा हे ठरविण्याचा अधिकार न्यायालयास आहे. सामान्यतः हरणाऱ्याने जिंकणाऱ्याचा खर्च द्यावा असा नियम असून, तसे न करावयाचे झाल्यास न्यायालयाने कारणे लेखी नमूद करावी लागतात. या खर्चात कोर्ट फी व वकिलाची नियमाप्रमाणे होणारी फी येते हे बहुतेकांना ठाऊक असते. परंतु दाव्यापूर्वी दिलेल्या नोटिशीचा खर्च, कागद टंकलिखित करण्याचा खर्च, दप्तराच्या पाहणीची फी आणि समन्स न काढता स्वतः आणलेल्या साक्षीदारांचा खर्च, हाही मागता येतो याची माहिती थोड्यांनाच असते. असा खर्च पावत्यांवाचून सिद्ध करणे कठीण जाते. म्हणून दावा सुरू झाल्या दिवसापासून सर्व पावत्या एका पाकिटात जपून ठेवाव्यात व निकालापूर्वी खर्चाची यादी वकिलामार्फत न्यायालयात द्यावी. खर्च नाममात्र नसावा, प्रत्यक्ष झालेल्या खर्चाशी त्याचा मेळ असावा, असे सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली सेलम येथील वकील संघटनेच्या प्रकरणात स्पष्ट केले आहे.

दुसरा प्रकार खोट्या दाव्याचा. आपली मागणी किंवा बचाव खोटा अथवा केवळ त्रास देण्याकरिता आहे हे माहीत असूनही एखाद्या पक्षाने तो पुढे रेटला, तर समोरच्या पक्षाने तशी हरकत घेतल्यावर कलम ३५-अ खाली भरपाईदाखल खर्च देवविता येतो. हे कलम १९२२ साली संहितेत आले. त्या वेळची एक हजार रुपयांची मर्यादा १९७६ च्या दुरुस्तीने तीन हजार झाली आणि ती आजही तेवढीच आहे. खोटा दावा करणाऱ्यास धाक वाटावा असे या रकमेत आता काही उरलेले नाही, हे उघड आहे.

शेतकऱ्याच्या दृष्टीने याहून महत्त्वाचे कलम आहे ते ९५. समजा, शेजाऱ्याने पुरेसा आधार नसताना दावा लावला व तात्पुरता मनाई हुकूम मिळविला. मृगाचा पाऊस झाला, वाफसा आला, पण हुकुमामुळे पाभर शेतात घालता आली नाही आणि खरिपाचा हंगाम गेला. पुढे दावा निराधार ठरला, किंवा हुकूमच अपुऱ्या कारणावर मागितला होता असे दिसून आले, तर नुकसान सोसलेला प्रतिवादी त्याच न्यायालयाकडे अर्ज करून पन्नास हजार रुपयांपर्यंत भरपाई मागू शकतो. मात्र या अर्जाचा एकदा निर्णय झाला म्हणजे त्याच नुकसानीसाठी वेगळा दावा लावता येत नाही. नुकसान मोठे असेल, तर अर्ज करावा की दावा, याचा विचार आधीच केलेला बरा.

चौथा प्रकार तारखांचा आहे. ठरल्या तारखेस करावयाचे काम एखाद्या पक्षाने केले नाही, किंवा तहकुबी मागितली, तर कलम ३५-ब प्रमाणे न्यायालय त्या दिवशी समोरच्या पक्षाला झालेला खर्च त्याच्यावर बसवू शकते. ही रक्कम पुढील तारखेस भरणे ही दावा किंवा बचाव पुढे चालविण्याची अटच आहे. रक्कम क्षुल्लक म्हणून ती भरण्याचे टाळणारा पक्ष आपल्याच हाताने आपले तोंड बंद करून घेतो. न भरलेल्या रकमेचा वेगळा हुकूम तयार होतो व त्याचीही वसुली करता येते.

अपील

कलम ३५ खालील खर्च हा हुकूमनाम्याचाच भाग असल्याने त्याविरुद्धची तक्रार मुख्य निकालावरील अपिलातच मांडावयाची असते. निकाल मान्य आहे, फक्त खर्च नको, अशा स्वरूपाचे अपील, तत्त्वाचा प्रश्न असल्याखेरीज, वरिष्ठ न्यायालये सहसा मनावर घेत नाहीत. कलम ३५-अ आणि कलम ९५ खालील हुकुमांवर मात्र कलम १०४ प्रमाणे स्वतंत्र अपील चालते. त्यातही एक भेद आहे. कलम ३५-अ च्या बाबतीत ज्याच्यावर रक्कम बसली त्यालाच, ती मुळीच बसावयास नको होती किंवा कमी बसावयास हवी होती, एवढ्याच कारणावर अपील करता येते. मला अधिक रक्कम हवी होती, असे म्हणून अपील करता येत नाही. तारखेच्या खर्चाच्या हुकुमावर कलम १०४ मध्ये अपिलाची तरतूद नाही.

तालुक्याच्या ठिकाणच्या कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशांच्या निकालावर जिल्हा न्यायालयात अपील होते व त्याची मुदत तीस दिवसांची आहे. उच्च न्यायालयातील अपिलास नव्वद दिवस मिळतात. नक्कल मिळविण्यास लागलेला काळ या मुदतीतून वजा होतो. परंतु नकलेचा अर्जच उशिरा केला, तर त्यापूर्वीचे दिवस हातचे जातात. यास्तव निकाल ऐकल्यावर गावी परतण्यापूर्वी नकलेचा अर्ज देऊन त्याची पोच घ्यावी. मुदत टळल्यास विलंब माफीचा अर्ज करता येतो. पण सुगीचे दिवस होते, एवढ्या सबबीवर विसंबून राहू नये.

अपिलाबरोबर स्थगितीचा वेगळा अर्ज देणे अगत्याचे आहे. वसुली झाल्यास आपले भारी नुकसान होईल, आपण अर्जास विनाकारण उशीर केलेला नाही आणि पुढे रक्कम देणे ठरल्यास आपण जामीन देण्यास तयार आहोत, या तीन गोष्टी न्यायालय पाहते. पैशाच्या हुकूमनाम्यात न्यायालयाने दिलेल्या मुदतीत वादग्रस्त रक्कम भरावी किंवा तिच्यासाठी तारण द्यावे लागते. अपील तयार होण्यास वेळ लागणार असेल, तर अपिलाची मुदत संपण्यापूर्वी मूळ न्यायालयाकडेच काही दिवसांची स्थगिती मागता येते. रक्कम भरल्यानंतर अपील जिंकले, तर ती बुडाली असे होत नाही. कलम १४४ प्रमाणे अर्ज केल्यास मूळ न्यायालय ती परत देवविते.

वकिलाची फी परवडत नाही म्हणून मुदत जाऊ देणे योग्य नव्हे. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ प्रमाणे स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती, अपंग, ठरावीक मर्यादेहून कमी उत्पन्न असलेले लोक, तसेच पूर, अवर्षण किंवा भूकंप यांनी ग्रस्त झालेले लोक यांना तालुका विधी सेवा समितीकडून मोफत वकील मिळू शकतो. गावपातळीवर काम करणाऱ्यांनी ही माहिती संबंधितांना वेळीच द्यावी.

वसुली

खर्चाची वसुली करण्यासाठी ज्या न्यायालयाने हुकूमनामा दिला तेथे दरखास्त दाखल करावी लागते. हुकूमनामा अमलात आणण्याजोगा झाल्यापासून बारा वर्षांपर्यंत ती चालते. मात्र दोन वर्षे उलटल्यावर दरखास्त दिली तर आधी समोरच्या पक्षास नोटीस काढावी लागते व काम लांबते. दरखास्तीत दाव्याचा क्रमांक, हुकूमनाम्याची तारीख, अपील झाले आहे की नाही, आजवर मिळालेली रक्कम, येणे बाकी आणि ती कशा रीतीने वसूल करावयाची, हे स्पष्ट लिहावे लागते. जमीन जप्त करावयाची असल्यास गट क्रमांकासह तिचे वर्णन द्यावे. सातबाराचा ताजा उतारा येथे उपयोगी पडतो. देणेदाराची मालमत्ता कोठे आहे हे माहीत नसेल, तर त्याला न्यायालयात बोलावून शपथेवर ती सांगावयास लावता येते. देणेदार मरण पावला असल्यास वारसांकडून वसुली होते, पण त्यांच्या हाती आलेल्या मयताच्या मालमत्तेपुरतीच.

देणेदार शेतकरी असेल, तर कायद्याने त्याच्या उपजीविकेस संरक्षण दिले आहे. त्याची शेतीची अवजारे, तसेच निर्वाहासाठी आवश्यक आहेत असे न्यायालयास वाटेल तेवढी जनावरे व बियाणे यांची जप्ती होत नाही. तो राहतो ते त्याचे घर, अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण आणि धार्मिक रूढीप्रमाणे स्त्रीने अंगावेगळे करू नयेत असे अलंकार, हेही जप्तीतून वगळलेले आहेत. बेलीफ दाराशी आला म्हणजे गोठ्यातील बैल सोडून नेणार, या भीतीने सावकाराकडे धाव घेण्याचे कारण नाही.

उभ्या पिकाची जप्ती मात्र होऊ शकते, आणि तिची रीत प्रत्येक शेतकऱ्याने जाणून घेण्यासारखी आहे. जप्तीच्या अर्जात पीक कापणीस केव्हा येईल ते नमूद करावे लागते. वॉरंटाची एक प्रत शेतात व दुसरी सामान्यतः देणेदाराच्या घराच्या दारावर लावली जाते. पीक कापून खळ्यावर आले असेल तर प्रत खळ्यावर लागते. जप्ती झाली तरी न्यायालयाच्या अटींस अधीन राहून देणेदारास पिकाची राखण, कापणी व साठवण करता येते. त्याने हयगय केल्यास येणेदार न्यायालयाच्या परवानगीने ती कामे करतो आणि तो खर्चही देणेदाराच्याच माथी बसतो. तेव्हा जप्ती झाली म्हणून रागाने पीक तसेच सोडून देण्यात देणेदाराचेच दुहेरी नुकसान आहे. भाजीपाल्यासारखे साठवून न ठेवता येणारे पीक काढणीस वीस दिवसांहून कमी अवधी राहिला असता जप्त करता येत नाही.

अटकेची धमकी पुष्कळदा दिली जाते. पैशाच्या हुकूमनाम्यात स्त्रीला अटक करता येत नाही. एकूण रक्कम दोन हजार रुपयांपर्यंत असेल तर कोणालाच दिवाणी तुरुंगात ठेवता येत नाही. पाच हजारांपर्यंत सहा आठवडे व त्यापुढे तीन महिने अशी कमाल मर्यादा आहे. केवळ दारिद्र्यामुळे देता येत नाही, एवढ्यावरून अटक करणे योग्य नाही, ऐपत असूनही देण्याचे टाळले असे दिसले पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८० साली जॉली जॉर्ज व्हर्गीस यांच्या प्रकरणात म्हटले आहे. तुरुंगवास भोगल्याने देणे फिटत मात्र नाही.

रक्कम देताना गावात एक घातक रीत दिसते. चार मंडळींसमक्ष चावडीवर पैसे दिले-घेतले जातात, दोघेही चहा पिऊन उठतात आणि कागद होत नाही. पुढे संबंध बिघडले किंवा येणेदाराच्या मुलाने दरखास्त लावली, म्हणजे न्यायालय त्या व्यवहाराची दखल घेऊ शकत नाही. कारण न्यायालयाबाहेर दिलेली रक्कम तेथे नोंदविलेली नसेल तर दरखास्त चालविणाऱ्या न्यायालयाच्या दृष्टीने ती दिलेलीच नसते. तीच रक्कम दुसऱ्यांदा भरण्याची पाळी येते. याकरिता पैसे न्यायालयात जमा करावेत, अथवा मनीऑर्डरने किंवा बँकेमार्फत द्यावेत. हातोहात दिलेच, तर दाव्याचा क्रमांक घातलेली सहीची पावती घ्यावी. त्यानंतर येणेदाराने रक्कम पोचल्याची पुरशीस न्यायालयात द्यावयाची असते. ती देण्यास त्याने टाळाटाळ केल्यास, रक्कम दिल्यापासून तीस दिवसांच्या आत देणेदाराने स्वतः अर्ज करून नोंद करून घ्यावी.