रेंज नाही? वायफायवरून साधा कॉल लावा!

जुन्या वाड्याच्या जाड भिंतींत रेंजची जेमतेम एक काडी, पण घरचं वायफाय मात्र ठणठणीत? मग 'वायफाय कॉलिंग' वापरून बघाच. वेगळं ॲप नको. नंबर तोच, डायलर तोच. तुमचा आवाज डेटाच्या छोट्या पॅकेट्समध्ये बांधला जातो आणि टॉवरऐवजी राउटरमधून, एन्क्रिप्टेड बोगद्यातून कंपनीच्या नेटवर्कपर्यंत पोचतो. समोरच्याकडे बटणांचा फोन असला तरी चालतं. बोलता बोलता घराबाहेर पडलात, तर कॉल सहसा न तुटता ४जीवर सरकतो.

भारतात एअरटेलने ही सोय डिसेंबर २०१९ मध्ये आणली, जिओने जानेवारी २०२० मध्ये. पैसे नेहमीच्या प्लॅनप्रमाणेच. सेटिंग्जमध्ये 'वायफाय कॉलिंग' शोधा आणि चालू करा. फक्त वीज गेली की राउटरही झोपतो, हे ध्यानात ठेवा!