डाय बदलायला किती वेळ?

भोसरी एमआयडीसीतल्या एका प्रेस शॉपमध्ये गेल्या वर्षभरात माझं वरचेवर जाणं झालं. दुचाकीला लागणारे पत्र्याचे लहान भाग तिथे बनतात. मालकांनी एप्रिलमध्ये ठरवलं होतं की माल छोट्या लॉटमध्ये काढायचा. कारणं पक्की होती. महिनाभराचा माल एकदम काढून ठेवला की पोलादाच्या पत्र्यात घातलेला पैसा बिनमध्ये अडकून पडतो. पत्रा कापणाऱ्या साच्याची, म्हणजे डायची, धार गेली आणि भागाच्या कडेला बर (धातूची खरखरीत कड) येऊ लागली, तर ते कळेपर्यंत हजारो नग तयार झालेले असतात. आणि वाहन कंपनीला आता रोज त्या दिवसापुरताच माल हवा असतो.

सगळ्यांना पटलेलं हे धोरण जून उजाडला तरी कागदावरच होतं. लॉट पूर्वीएवढेच मोठे निघत होते. पटलेली गोष्ट होत का नाही, हे मला जवळून पाहायचं होतं.

ते दिसलं दोन नंबरच्या प्रेसपाशी. एक भाग संपवून दुसरा घ्यायचा, म्हणजे डाय बदलायची. प्रेस थांबली. सगळे ज्यांना मामा म्हणतात ते जुने डाय-सेटर क्लॅम्पचे बोल्ट सोडू लागले. बोल्ट तीन वेगवेगळ्या मापांचे, म्हणून पानेही तीन. त्यातला एक शेजारच्या प्रेसवर गेलेला. हेल्पर तो आणायला गेला. जुनी डाय उचलायला फोर्कलिफ्ट हवा होता, तो बाहेर ट्रक उतरवत होता. नवी डाय शेवटच्या रॅकवर, तीही दुसऱ्या दोन डायच्या मागे. ती प्रेसच्या पाटावर, म्हणजे बोल्स्टरवर, बसल्यावर उंची जुळेना, मग रॅम वर-खाली करत शट हाइट, म्हणजे रॅम खाली आल्यावर डायसाठी उरणारी उंची, लावणं सुरू झालं. पहिला नग निघाला, पण तो तपासायचा गेज क्वालिटीच्या कपाटात आणि किल्ली जेवायला गेलेल्या माणसाकडे. प्रेसचा पहिला खरा ठोका पडेपर्यंत अर्धी पाळी सरत आली होती.

मामांच्या हातात कुठेही ढिलाई नव्हती. त्यांचा बहुतेक वेळ वस्तूंची वाट पाहण्यात गेला.

डाय झटपट कशी बदलायची, या कोड्यावर जपानमध्ये औद्योगिक अभियंते शिगेओ शिंगो यांनी अनेक वर्षं वेचली. 1950 साली हिरोशिमातल्या तोयो कोग्यो कारखान्यात, म्हणजे आजच्या माझदात, प्रेसवरचं काम पाहताना त्यांनी त्याची दोन गटांत विभागणी केली: मशीन थांबल्यावरच करता येणारं काम, आणि मशीन चालू असतानाच उरकता येणारं काम. 1969 मध्ये टोयोटाच्या 1000 टनी प्रेसची डाय बदलायला 4 तास लागत. शिंगोंनी ते आधी दीड तासावर आणलं आणि पुढे काही महिन्यांत 3 मिनिटांवर. छोटे लॉट परवडू लागले ते त्यामुळे. टोयोटाचं धोरण अशा बोल्ट-पान्यांच्या पातळीवर राबवलं गेलं, म्हणून ते उभं राहिलं.

भोसरीतही हे सगळं प्रशिक्षणात शिकवून झालं होतं. तरी कुणी हात का घालत नव्हतं? सुपरवायझरने मला भिंतीवरचा बोर्ड दाखवला. त्यावर प्रत्येक पाळीत प्रेसने किती स्ट्रोक मारले याचा आकडा रोज लिहिला जाई. तो म्हणाला, "लहान लॉट म्हणजे दिवसातून चारदा डाय बदला. प्रेस उभी राहिली की आकडा पडतो. संध्याकाळी फोन येतो तो आकड्यासाठीच." पाळीचा इन्सेन्टिव्हही स्ट्रोकवर बांधलेला होता.

सगळी अडचण त्या बोर्डावर लिहिलेली होती. एप्रिलच्या बैठकीत मालकांनी एक मागितलं होतं आणि बोर्ड रोज दुसरंच मागत होता. कामगाराने कुणाचं ऐकावं? जे रोज मोजलं जातं, ज्यावर पगारातले चार पैसे अवलंबून असतात, त्याचंच तो ऐकणार. यात त्याचा आळस नाही की बदलाला विरोध नाही. दोन परस्परविरोधी हुकूम वरून आले होते आणि त्यांचा निवाडा खाली प्रेसवर उभ्या असलेल्या माणसावर सोडलेला होता. तो निवाडा करणं हे नेतृत्वाचं काम आहे. ते दुसऱ्या कुणावर सोपवता येत नाही.

मालकांनी तो केला. स्ट्रोकचा रकाना पुसला. त्या जागी दोन गोष्टी आल्या: आज ठरलेले भाग ठरलेल्या वेळी निघाले का, आणि डाय बदलायला किती मिनिटं लागली. इन्सेन्टिव्हही त्यावर आणला. त्याआधी कामगारांसोबत बसून, कुणाच्याही हातात येणारे पैसे कमी होणार नाहीत असा हिशेब मांडून दाखवला.

मग ते रोज सकाळी पाळीच्या सुरुवातीला दहा मिनिटं दोन नंबरच्या प्रेसपाशी उभे राहू लागले. डाय बदलतानाचं मोबाइलवर केलेलं चित्रण सगळ्यांनी मिळून पाहिलं. "मामा, कुठे अडतं ते तुम्ही सांगा," एवढाच मालकांचा प्रश्न. मामा सांगत गेले आणि यादी होत गेली: सगळे बोल्ट एका मापाचे करा, डायखाली पॅरलल (पोलादी ठोकळे) लावून सगळ्यांची उंची सारखी करा, रोजच्या डाय प्रेसजवळच्या रॅकवर आणा, गेज ऑपरेटरपाशी ठेवा, पुढची डाय आधीच ट्रॉलीवर आणून ठेवा. प्रत्येक अडचणीपुढे नाव आणि तारीख लिहिली गेली. त्यातल्या निम्म्याहून अधिक नोंदींपुढे मालकांचंच नाव होतं, कारण खरेदी, जागा आणि अधिकार त्यांच्याच हातात होते.

जपानी कंपन्यांत 1960 च्या दशकात होशिन कानरी ही पद्धत रुजली. तिच्यात उद्दिष्ट वरून खाली जातं आणि खालून त्यावर उत्तर येतं: हे साधायचं तर आम्हाला काय लागेल. चेंडूसारखी ही देवाणघेवाण पुरी झाल्यावरच उद्दिष्ट पक्कं होतं. त्या सकाळच्या दहा मिनिटांत मला तेच घडताना दिसलं.

वेग वाढवताना मामा एका गोष्टीवर अडून बसले. रॅमखाली सेफ्टी ब्लॉक लावल्याशिवाय डायमध्ये हात घालायचा नाही. "घाई तयारीला करा, हाताला नको," असं ते नव्या पोरांना सांगत. प्रेस शॉपमध्ये बोटं गमावलेली माणसं ज्यांनी पाहिली आहेत, त्यांनाच या वाक्याचं वजन कळेल.

खरी परीक्षा झाली एका महिनाअखेरीस. तातडीची मोठी मागणी आली आणि सुपरवायझरने विचारलं, "एकदम लॉट काढून टाकू का?" मालक म्हणाले, "नाही. ठरल्याप्रमाणेच चालू दे, ग्राहकाशी मी बोलतो." त्यांनी फोन करून मालाच्या तीन खेपा ठरवून घेतल्या. सगळ्या शॉपला धोरण खरं वाटलं ते त्या दिवशी.

आता तिथे बहुतेक डाय अर्ध्या तासाच्या आत बदलतात. काही जुन्या डाय अजूनही छळतात. त्यांची यादी बोर्डावरच आहे. बिनची रांग आखडली आहे आणि बर आलेला माल पहिल्या काही नगांतच पकडला जातो.

नव्या आर्थिक वर्षाला अनेक कारखान्यांत, सहकारी संस्थांत, कचेऱ्यांत नवी धोरणं जाहीर होतील. जाहीर करणाऱ्यांनी त्याच बैठकीत आणखी दोन गोष्टी सांगाव्यात: आजपासून कोणतं जुनं मोजमाप आपण बंद करतो आहोत, आणि अडचणींच्या यादीत माझ्या नावापुढे काय लिहिलं आहे. ही दोन उत्तरं ऐकली की कामगार आपल्या वाट्याचं काम स्वतःच शोधून काढतात. त्यांच्या कौशल्याचा आणि समजेचा याहून मोठा मान मला दुसरा दिसत नाही.