एजंटला पैसे देण्याआधी जर्मनीचा कायदेशीर मार्ग समजून घ्या

वस्त्यांमध्ये काम करताना आम्हाला परदेशी जाण्यासाठी घर गहाण ठेवायला निघालेले तरुण भेटतात. पर्यटक व्हिसावर जाऊन तिथेच राहणे बेकायदेशीर आहे. पकडले गेल्यास परत पाठवतात, पुढे प्रवेशबंदीही होऊ शकते.

त्यापेक्षा स्वस्त आणि सरळ मार्ग म्हणजे जर्मनीचा विद्यार्थी व्हिसा. तेथील बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षणशुल्क नाही. बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्यात मात्र प्रत्येक सेमिस्टरला १५०० युरो लागतात. भारतीयांना आधी एपीएस प्रमाणपत्र काढावे लागते. शिकताना वर्षाला १४० पूर्ण दिवस काम करता येते. पदवीनंतर नोकरी शोधायला १८ महिने मिळतात. शिक्षणाला साजेशी नोकरी लागली की कामाचा परवाना आणि पुढे कायम वास्तव्याची वाट खुली होते.

खरी अडचण ब्लॉक्ड अकाउंटची. त्यात वर्षभराच्या खर्चाचे ११,९०४ युरो, म्हणजे दहा लाखांहून अधिक रुपये, आधी भरावे लागतात. ते दरमहा ९९२ युरो याप्रमाणे आपल्यालाच परत मिळतात, पण सुरुवातीला आणायचे कुठून? इथेच राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती महत्त्वाची ठरते. ती अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी आहे. जागा मोजक्या आणि अटी कडक, म्हणून तयारी वर्षभर आधी सुरू करा.

बाबासाहेबही १९१३ साली बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवरच कोलंबियाला गेले होते. कार्यकर्त्यांनो, ही माहिती प्रत्येक विहारात पोहोचवा.