खोत बदलतो, खोती उरते

श्री. ना. पेंडसे यांची ‘गारंबीचा बापू’ १९५२ साली प्रसिद्ध झाली. त्याच्या दोनच वर्षं आधी, १९५०पासून, मुंबई राज्याचा खोती निर्मूलन कायदा लागू झाला होता. मराठी वाचकानं बापूला अण्णा खोतासमोर छाती काढून उभा राहिलेला पाहिला, तेव्हा कागदावरचा खोत निघून गेला होता. तरी वाचकाच्या मनात खोताला हरवलं ते बापूनंच. कायद्याचं कलम कुणाला आठवत नाही. बापू मात्र तीन पिढ्या लक्षात राहिला, रंगभूमीवर आला, पडद्यावरही आला.

नायक पुढारी झाला म्हणजे अन्यायी समाज सुधारतो का, हा प्रश्न विचारायला रत्नागिरी जिल्ह्याच्या उत्तर टोकाइतकी योग्य जागा सापडणार नाही. पेंडशांचं मुर्डी दापोली तालुक्यात. टिळकांच्या घराण्याकडे ज्या चिखलगावची खोती होती, तेही दापोली तालुक्यात. साने गुरुजींचं पालगड तिथंच, आणि डॉ. आंबेडकरांचं मूळ गाव आंबडवे शेजारच्या मंडणगड तालुक्यात. खोत, कुळं, खोतांची बाजू घेणारा, खोती मोडायला निघालेला आणि या सगळ्याची गोष्ट सांगणारा, अशी सगळी माणसं एकाच पट्ट्यातली. त्यामुळे इथं गोष्ट आणि इतिहास शेजारी शेजारी ठेवून पडताळता येतात.

खोती म्हणजे काय होतं

खोत हा मुळात सारा गोळा करून सरकारात भरणारा मधला माणूस. पुढे तो गावाचा धनीच होऊन बसला. भातजमिनीतल्या पिकाचा निम्मा वाटा, वरकस जमिनीतला तिसरा. अर्धेल आणि तिरधेल हे शब्द कोकणातल्या कुळाला बाराखडीच्या आधी पाठ असत. त्यावर वेठ. खोताच्या शेतात फुकट राबायचं, त्याच्या घरचं कार्य निघालं की आपलं काम टाकून हजर व्हायचं. १८८०च्या खोती कायद्यानं या व्यवस्थेवर सरकारी शिक्का उमटवला. गरजेला पैसे देणारा खोतच, तंटा सोडवणारा खोतच, देवळात पहिला मानही त्याचाच. त्याच्याशी वाकडं घेणं म्हणजे गावाशीच वाकडं घेणं होतं.

बापूनं काय बदललं

अशा गावात बापू वाढतो. विठोबाचा पोरगा, गावाच्या लेखी वाया गेलेला. ज्या बाईचं नाव गाव दबक्या आवाजात घेतं, त्या राधेशी तो उघड नातं ठेवतो आणि सगळ्यांचा रोष अंगावर घेतो. पुढे सुपारीच्या व्यापारात त्याचा जम बसतो, पैसा येतो, आणि अण्णा खोताला मागे सारून तो गावाचा पुढारी होतो. पेंडशांची लेखणी इतकी जिवंत की वाचक हरखून जातो. हरखलेल्या वाचकाला हिशेब सुचत नाही, म्हणून तो इथं मांडतो.

बापूच्या हाती गाव आलं, त्याला दोन कारणं. एक त्याचं धाडस, दुसरं सुपारीचा पैसा. धाडस त्याचं स्वतःचं; पैसा गावाबाहेरच्या बाजारातला. खोताच्या कणगीवर तो अवलंबून नव्हता, म्हणून खोताला भिडू शकला. पण हे बळ त्याच्या एकट्याचं होतं. बापू मोठा झाल्यामुळे शेजारच्या कुळाचा अर्धेल कमी झाल्याचा हिशेब कादंबरी मांडत नाही. गाव पूर्वी एका माणसाच्या तोंडाकडे पाहत होतं, आता दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहू लागलं. नवा माणूस दिलदार आहे, एवढाच काय तो फरक. दिलदारपणा वारसाहक्कानं पुढे जाईलच असं नाही. गादी मात्र जाते.

आणि राधा? गावाचे टोमणे तिनं बापूइतकेच झेलले, किंबहुना जास्त. पण पुढारी ठरला तो बापू. राधेची बाजू सांगायला पेंडशांना ‘गारंबीची राधा’ लिहावी लागली, तीही चार दशकांनी. पुरुष नायकाच्या विजयात बाईचा वाटा किती उशिरा मोजला जातो, हे त्या दोन पुस्तकांमधल्या अंतरावरून कळतं.

पेंडशांना हे उमगत नव्हतं असं मी म्हणणार नाही. १९८७ साली त्यांनी ‘तुंबाडचे खोत’ लिहिली. खेड तालुक्यातलं, जगबुडीच्या काठचं तुंबाड, दोन खंड, चार पिढ्या. इथं कुणा एकाला नायकपण मिळत नाही. घराण्यात दुष्ट निपजतात तसे सज्जनही. गांधींच्या वाटेनं जाणारा मधू खोत त्यांतलाच. पण सज्जन खोतही खोतच असतो. त्याचा चांगुलपणा पूर्वजांचं पाप फेडण्यात खर्ची पडतो. पस्तीस वर्षांनी त्याच लेखकानं स्वतःच्याच बापूला दिलेलं उत्तर म्हणून मी ही कादंबरी वाचतो.

घाटावरचे आणि मुंबईतले नायक

कोकणाबाहेरही हेच दिसतं. अण्णा भाऊ साठे यांचा ‘फकिरा’ (१९५९) दुष्काळात धान्य लुटून उपाशी माणसांना जगवतो. पण तो गादीवर बसत नाही, आणि म्हणूनच शेवटपर्यंत निर्मळ राहतो. अण्णा भाऊंनी त्याला राज्य दिलं असतं, तर त्या राज्याचं काय झालं असतं, हे सांगायची वेळ त्यांच्यावर आली नाही.

ते सांगितलं सत्तरच्या दशकातल्या ‘सामना’ या चित्रपटानं. विजय तेंडुलकरांच्या लेखणीतला हिंदुराव धोंडे पाटील गावात साखर कारखाना आणतो, संस्था उभ्या करतो, माणसांना कामाला लावतो. विकासाच्या मापानं मोजलं तर तो सुधारकच ठरेल. मग एक दारुडा मास्तर गावात येतो आणि बेपत्ता झालेल्या मारुती कांबळेविषयी विचारत राहतो. त्या एका प्रश्नानं हिंदुरावांच्या राज्याचा पाया उघडा पडतो. मास्तरला खुर्ची नाही, गमावण्यासारखं काही नाही, म्हणून तो विचारू शकतो. ‘सिंहासन’मध्ये (१९७९) डाव टाकले जातात, माणसं फुटतात, पुन्हा जुळतात. खुर्ची जागची हलत नाही. तोल जातो तो हे सगळं पाहणाऱ्या पत्रकार दिगू टिपणीसचा. ‘उंबरठा’तली (१९८२) सुलभा महाजन महिला सुधारगृहाची अधीक्षक होते, अधिकार हाती घेऊन चांगलं करू पाहते, आणि शेवटी राजीनामा देऊन बाहेर पडते. ती जाते, सुधारगृहाच्या भिंती तशाच राहतात.

आणि आपला एका दिवसाचा मुख्यमंत्री? ‘नायक’मधला (२००१) शिवाजीराव गायकवाड भ्रष्ट अधिकाऱ्यांना जागच्या जागी घरी पाठवतो, तेव्हा चित्रपटगृहात शिट्ट्या वाजल्या होत्या. पण शेवटी खलनायकाला संपवायला तो बनाव रचतो. प्रेक्षक टाळ्या वाजवत बाहेर पडला आणि नायक खलनायकाची विद्या शिकला, हे त्याच्या ध्यानातही आलं नाही.

खोती खरोखर कुणी मोडली

आता इतिहासाकडे वळू. अलिबाग तालुक्यातल्या चरी गावातून १९३३ साली शेतकऱ्यांचा संप सुरू झाला. नारायण नागू पाटील पुढे होते. पंचवीस गावांनी खोतांची जमीन पडीक ठेवली आणि १९३९पर्यंत, जवळजवळ सहा वर्षं, कळ काढली. स्वतःचं पीक सोडून देणं हे कादंबरीतल्या कुठल्याही द्वंद्वापेक्षा अवघड. तिथं रोज सकाळी नव्यानं धीर धरावा लागतो. सप्टेंबर १९३७मध्ये आंबेडकरांनी मुंबई विधानसभेत खोती रद्द करणारं विधेयक मांडलं. जानेवारी १९३८मध्ये हजारो शेतकरी मुंबईत मोर्चानं गेले. विधेयक तेव्हा पुढे सरकलं नाही. १९४९ साली कायदा झाला. मग कुळकायद्यानुसार १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला आणि कसणारं कूळ कायद्यानं मालक मानलं गेलं.

या सगळ्यामागे आणखी एक गोष्ट होती, तिला पुस्तकांत फार जागा मिळत नाही: चाकरमान्याची मनिऑर्डर. गिरणीतून महिन्याला चार रुपये घरी आले, की खोताच्या दारी जाण्याची निकड तेवढी कमी होते. बापूला सुपारीनं दिलं ते बळ कुळवाड्याच्या घराला पोस्टमननं आणून दिलं. फरक इतकाच की हे बळ हजारो घरांत गेलं.

खरे नायकही इथं होऊन गेले. रत्नागिरीत स्थानबद्ध असताना सावरकरांनी अस्पृश्यतेविरुद्ध काम केलं, आणि भागोजीशेठ कीर यांच्या पैशातून १९३१ साली पतितपावन मंदिर उभं राहिलं. ते मोठंच काम होतं. पण देवळाचं दार एका माणसाच्या निर्धारानं उघडता येतं. शेताचा बांध उघडायला संघटना, विधेयक, कचेरी आणि वीस-वीस वर्षांची चिकाटी लागते. इतकं होऊनही बेदखल कुळांचा प्रश्न कोकणात पुरता मिटलेला नाही. कायदा झाला, तरी सात-बाऱ्यावर नाव चढेलच असं नाही.

मग नायक हवाच कशाला?

इथवर वाचून कुणी म्हणेल, बापू फोल. तसं मला वाटत नाही. कायदा हक्क देतो, पण तो मागायला उभं राहण्याचं धाडस देत नाही. ज्यानं आयुष्यात कधी खोतासमोर मान वर केली नाही, त्याला तहसीलदारासमोर अर्ज धरायला कोण शिकवणार? ते बापूसारखी माणसं शिकवतात, गावातली आणि पुस्तकातलीही. नायक भीती मोडतो. पद्धत मोडायचं काम दुसऱ्यांचं. या दोन कामांची गल्लत झाली की आपण नायकाला मत देऊन घरी झोपतो.

शिमग्यात पालखी निघते तेव्हा कोकणात पाहावं. सारावसुली गेली, वेठ गेली, पण पालखीला पहिला खांदा कुणाचा, नारळ आधी कुणाचा, यावरून आजही गावं भांडतात आणि प्रकरणं पोलिसांपर्यंत जातात. जमिनीतून गेलेली खोती मानपानात दडून बसली आहे. माणसांना वाळीत टाकण्याचे प्रकार रायगड-रत्नागिरीत इतके झाले, की राज्याला २०१६ साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा करावा लागला. तो २०१७पासून लागू आहे. कायदा झाला तो बापू पुस्तकात आल्यानंतर चौसष्ट वर्षांनी. गारंबीनं बापूला डोक्यावर घेतलं, पण कुणालाही वाळीत टाकण्याचा आपला हक्क गावांनी सोडला नाही.

म्हणून लिहिणाऱ्यांना एक विनंती आहे. बापू पुष्कळ लिहून झाले. आता चरीत सहा पावसाळे रान पडीक पाहत बसलेल्या बाईची कादंबरी लिहा. तिच्या घरात काय शिजलं, पोरांनी काय खाल्लं, नवऱ्याची हिंमत खचली त्या रात्री ती काय म्हणाली, ते लिहा. खोती तिनं मोडली, आणि तिचं नाव आपल्याला माहीत नाही.