बर्फावरचे घड्याळ

शर्यत म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे काय उभे राहते? शाळेच्या मैदानावर ओढलेली चुन्याची पांढरी रेघ, रेघेवर वाकून उभी राहिलेली सात-आठ मुले, आणि पलीकडच्या टोकाला दोरी धरून उभे असलेले दोन मास्तर. ज्याची छाती दोरीला आधी लागली तो पहिला. या न्यायाला घड्याळ लागत नाही. दोन डोळे असले म्हणजे पुरे.

बर्फाच्या उतारावरून स्कीवर घसरत यावयाच्या शर्यतीची तऱ्हा मात्र निराळी आहे. तिथे कुणी कुणाच्या बरोबरीने धावतच नाही! डोंगरावरून एकेक खेळाडू सुटतो, रोवलेल्या काठ्यांमधून वळणे घेत खाली येतो, आणि मग त्याच्या मागचा सुटतो. दहाव्या क्रमांकाने सुटलेल्याला तिसऱ्याची पाठसुद्धा दिसलेली नसते. मग जिंकला कोण, हे ठरवायचे कसे? ते फक्त घड्याळ सांगते. घड्याळ काढून घेतले तर शर्यत उरणार नाही. डोंगर उतरणाऱ्या माणसांची नुसती रांग उरेल.

मराठीच्या प्राध्यापकाने वृत्ते आणि अलंकार सोडून या बर्फात कशाला शिरावे, असे आपण विचाराल. त्याला कारण माझा भाचा. ताईचा हा मुलगा ऑस्ट्रियात, इन्सब्रुक शहरी, इंजिनीयर आहे. दोन वर्षांपूर्वी नाताळच्या सुटीत त्याने मला आग्रहाने बोलावून घेतले आणि तिसऱ्याच दिवशी पहाटे उठवून म्हणाला, “मामा, लोकरीचे जे काही आणले असेल ते सगळे अंगावर चढवा. आज आमच्या क्लबची मुलांची शर्यत आहे आणि घड्याळ माझ्याकडे आहे.”

टिरोलच्या डोंगरातले ते एक लहानसे गाव. उताराच्या पायथ्याशी लाकडी खोपटे, त्यात एक टेबल. टेबलावर एक पेटी, शेजारी मांडीवर मावेल असा संगणक, आणि दोहोंना जोडणारी हातभर तार. त्या तारेकडे पाहत मी म्हटले, “म्हणजे हा संगणक वेळ मोजणार तर!”

“छे हो मामा! संगणक काहीच मोजत नाही. मोजते ती ही पेटी. संगणक नुसता ऐकतो आणि वजाबाकी करतो.”

मग त्याने मला सारी रचना समजावून दिली. वर, जिथून खेळाडू सुटतो तिथे, त्याच्या नडग्यांसमोर एक आडवी दांडी असते. तो पुढे झेपावला की दांडी ढकलली जाते आणि विजेचा एक इशारा तारेवरून खाली पेटीत येतो. खाली शेवटच्या रेघेवर, बर्फापासून सुमारे वीतभर उंचीवर, एका बाजूने डोळ्यांना न दिसणारा प्रकाशाचा झोत सोडलेला असतो. खेळाडूने तो तोडला की दुसरा इशारा. पेटीतले घड्याळ या दोन्ही क्षणी नेमके किती वाजले होते, तेवढेच टिपून ठेवते. वर सुटताना १० वाजून २४ मिनिटे ३१.४५२ सेकंद, खाली पोहोचताना १० वाजून २५ मिनिटे १९.२३८ सेकंद. दोहोंची वजाबाकी ४७.७८६ सेकंद. आंतरराष्ट्रीय स्की महासंघाच्या नियमाप्रमाणे त्यातला शेवटचा आकडा सोडून द्यायचा. जवळच्या आकड्याकडे झुकवायचे नाही, सरळ खोडायचे. म्हणून निकाल ४७.७८.

टिपलेला प्रत्येक क्षण पेटी त्याच वेळी दोन ठिकाणी धाडते. एक, तिच्याच पोटातून निघणाऱ्या कागदाच्या अरुंद पट्टीवर तो छापते. आणि दुसरे, तारेवरून संगणकाला कळवते. कळवते म्हणजे अक्षरांची एक ओळ पाठवते: खेळाडूचा क्रमांक, इशारा आरंभाचा की शेवटाचा याची खूण, मग वेळ, आणि ओळ संपल्याची खूण. व्याकरण असे चोख की आमच्या परीक्षार्थींनी धडा घ्यावा! पण नुसती भाषा एक असून भागत नाही, बोलण्याचा आणि ऐकण्याचा वेगही एक लागतो. पेटी सेकंदाला ९६०० बिटांच्या वेगाने बोलत असेल आणि संगणक २४०० च्या वेगाने ऐकत बसला असेल, तर पडद्यावर नुसता अक्षरांचा चिवडा उमटतो. मला हे चटकन पटले. वर्गात मी एका वेगाने टिपणे सांगतो आणि मागच्या बाकावरची मंडळी दुसऱ्याच वेगाने ती उतरवतात. वह्यांत काय उतरते ते तपासनीसांना विचारावे!

आणखी एक अडचण अशी की पूर्वीच्या संगणकांना या तारेसाठी नऊ पिनांचे एक दार असे. नव्यांना ते उरलेले नाही. पेट्या मात्र वीस-वीस वर्षे चालतात. म्हणून मध्ये एक जोडतुकडा घालून जुन्या पेटीची आणि नव्या संगणकाची गाठ घालून द्यावी लागते. जोडतुकडा बोटाएवढा, पण त्या दिवशीचे सारे रामायण त्यानेच घडवले.

मुले दर अर्ध्या मिनिटाला सुटत होती. म्हणजे उतारावर एका वेळी दोघे-तिघे असत. झोत तुटला हे यंत्राला कळते, तो कुणाच्या पायाने तुटला हे कळत नाही. मधला पडला आणि मागचा आधी पोहोचला, तर यंत्र एकाचा वेळ खुशाल दुसऱ्याच्या नावावर लिहील! म्हणून खिडकीशी एक बाई येणाऱ्या मुलाच्या छातीवरचा क्रमांक मोठ्याने पुकारीत होत्या. शेजारी गावातले एक निवृत्त पोस्टमन हातात साधे घड्याळ घेऊन प्रत्येकाची वेळ वहीत लिहीत होते. “एवढी यंत्रे असताना या आजोबांना थंडीत कशाला बसवलेस रे?” असे मी भाच्याला विचारलेही. तो नुसता हसला.

सदतिसाव्या क्रमांकाची मुलगी नऊ-दहा वर्षांची असेल. ती झकास वळणे घेत खाली आली, रेघ ओलांडली, आणि सगळी मुले करतात त्याप्रमाणे मान वळवून फलकाकडे पाहू लागली. फलकावर तिचा वेळ पळतच होता! पन्नास सेकंद, साठ, सत्तर... मुलगी खाली उभी, आणि फलकाच्या मते ती अजून डोंगरावरच. एवढ्यात पुढची मुलेही खाली आली. त्यांचाही पत्ता फलकाला नाही. झाले होते असे की कॉफीचे पेले घेऊन आत आलेल्या कुणाचा तरी पाय तारेत अडकला आणि जोडतुकडा निसटला. पेटी बोलत होती, ऐकणारे कुणी नव्हते.

त्या मुलीने स्की काढल्या नाहीत की ती रडली नाही. ती फलकाकडे पाहत तशीच उभी राहिली. आपण खाली आलो हे आपल्याला ठाऊक आहे, पण जगाच्या हिशेबी ते जमा नाही, ही भावना किती जड असते ते तिच्या चेहऱ्यावर दिसत होते. तिच्या वडिलांनी खिडकीशी येऊन जर्मनमध्ये काहीतरी विचारले. ती भाषा मला येत नाही. पण बापाची काळजी कळायला भाषा लागत नाही.

भाचा शांत होता. त्याने जोडतुकडा बसवला आणि कागदाची पट्टी हातात घेतली. सदतिसाचा क्षण तिच्यावर निमूटपणे छापलेला होता. पुढच्या मुलांचेही होते. त्याने आकडे संगणकात घातले. पोस्टमन आजोबांनी वही पुढे केली. त्यांचा हिशेब दशांश सेकंदाच्या आत जुळत होता. फलकावरचे पळते आकडे थांबले, खरा वेळ झळकला. मुलगी नववी आली होती. ती आनंदाने अशी काही ओरडली की पहिल्या आलेल्यानेही ओरडू नये!

मोठ्या शर्यतींत तर सावधगिरीची शर्थ असते. एकमेकांवर न विसंबणाऱ्या विजेच्या दोन स्वतंत्र घड्याळयोजना, आणि शिवाय हाताने टिपलेली वेळ. दोन्ही योजना एखाद्या खेळाडूपुरत्या फसल्या, तर इतर दहा जणांच्या हाताच्या वेळा व विजेच्या वेळा यांतल्या फरकाची सरासरी काढून, त्या खेळाडूची हाताची वेळ तेवढी दुरुस्त करून घेतात. त्या थंडीत बसलेल्या आजोबांचे काम काय, ते मला त्या दिवशी उमगले.

संगणक या खेळात तसा जुनाच. १९६० साली कॅलिफोर्नियात, तेव्हा स्क्वॉ व्हॅली म्हणून ओळखल्या जाणाऱ्या गावी, हिवाळी ऑलिंपिक झाले, तेव्हा निकालांच्या हिशेबासाठी आयबीएमचा ‘रामॅक’ हा संगणक आणला होता. त्याच्या स्मरणपेटीत दोन-दोन फूट व्यासाच्या पन्नास तबकड्या फिरत आणि सगळ्या मिळून पन्नास लाख अक्षरे मावत. आज खिशातल्या फोनवरच्या दोन-चार छायाचित्रांना तेवढी जागा पुरत नाही.

यंत्रे सूक्ष्म झाली, तसा एक नवाच प्रश्न उभा राहिला: मोजायचे कुठवर? १९८० साली लेक प्लॅसिड येथे पंधरा किलोमीटरच्या स्की शर्यतीत स्वीडनचा थॉमस वासबर्ग ४१ मिनिटे ५७.६३ सेकंदांत आला, तर फिनलंडचा युहा मिएटो ५७.६४ मध्ये. एवढ्या लांबच्या वाटेवर शतांश सेकंदाने सुवर्णपदक हुकले! त्यानंतर लांब पल्ल्याच्या स्की शर्यतींत दशांशापर्यंतच मोजायचे ठरले. २०१८ साली प्योंगचांगला चेक प्रजासत्ताकाची एस्टर लेडेका डोंगरउताराच्या ‘सुपर-जी’ शर्यतीत अशाच शतांशाने जिंकली, आणि काही चूक झाली असावी अशा समजुतीने फलकाकडे पाहतच राहिली. ताशी शंभर किलोमीटर वेगाने जाणारा खेळाडू शतांश सेकंदात सुमारे अठ्ठावीस सेंटिमीटर जातो. म्हणजे वीत आणि वर दोन बोटे. आणि २०१४ साली सोची येथे स्वित्झर्लंडची डॉमिनिक गिझिन व स्लोव्हेनियाची टीना माझे, दोघींचा वेळ अगदी तोच आला: १ मिनिट ४१.५७ सेकंद. यंत्राला हजारावा भाग मोजता येत नाही असे थोडेच आहे! पण नियम शतांशापाशी थांबतो. दोघींनाही सुवर्णपदक मिळाले. वाऱ्याची एक झुळूक जिथे दीड बोटाचा फरक सहज पाडील, तिथे माणसाच्या गुणांची वाटणी करू नये, एवढे शहाणपण त्या नियमात आहे असे मला वाटते.

आपल्याकडचा, काश्मीरच्या गुलमर्ग भागातला आरिफ खान २०२२ साली बीजिंगच्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये भारताचा एकमेव खेळाडू होता. ‘जायंट स्लॅलम’ शर्यतीत तो पंचेचाळिसावा आला. पहिला आला स्वित्झर्लंडचा मार्को ओडरमाट. वर्तमानपत्रे पहिल्याचे छायाचित्र छापतात आणि पंचेचाळिसाव्याला एका ओळीत आटोपतात. पण घड्याळाने ज्या बारकाईने ओडरमाटचा क्षण टिपला, त्याच बारकाईने आरिफचाही टिपला. तीच दांडी, तोच झोत, तीच कागदाची पट्टी. आयुष्यात पहिले येणारे थोडेच असतात. बाकीच्यांचे मागणे एवढेच असते, की आपण जे उतरून आलो ते कुणीतरी नीट लिहून ठेवावे.