पहिला नंबर कोणाचा?

(बी. ए. भाग २)

गेल्या श्रावणातील गोष्ट. पऱ्हाटी पात्या-फुलांवर आली होती आणि पानांखाली तुडतुडे दिसू लागले होते. बाबांनी माझ्या हातात मोबाईल दिला आणि कोणते औषध फवारावे ते शोधायला सांगितले. मी चार शब्द लिहिले आणि क्षणात उत्तरांची रांग उभी राहिली. बाबांना वाचता येते, पण बारीक अक्षर दिसत नाही. त्यांनी विचारले, “हे सर्वात वर आलं, म्हंजे चांगलंच असन ना, बाई?”

मी ‘हो’ म्हणणार होते. तेवढ्यात त्या उत्तराच्या डोक्यावरचा एक लहानसा शब्द दिसला : ‘प्रायोजित’. ती जाहिरात होती. औषध विकणाऱ्याने पैसे मोजून ती जागा घेतली होती.

आपल्या जिल्ह्यात हा प्रश्न गमतीचा नाही. २०१७ च्या पावसाळ्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन यवतमाळ जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. कोणते औषध, किती पाण्यात, तोंडाला काय बांधून, या साध्या प्रश्नांची उत्तरे आमच्याकडे जिवाशी निगडित आहेत. पूर्वी ती कृषी सहायकाकडे किंवा दुकानदाराकडे मागितली जात. आता ती मोबाईलकडे मागितली जातात. तेव्हा शोधयंत्राच्या यादीत पहिला नंबर कोणाला मिळतो, त्यात पैशाचा भाग किती, आणि ही यादी लावणारी कंपनी कोणत्या दिशेने चालली आहे, हे समजून घेणे हा केवळ संगणकाच्या विद्यार्थ्यांचा विषय उरलेला नाही.

संकेतस्थळे चालविणारी मंडळी हेच तीन प्रश्न गेली पंचवीस वर्षे कंपनीला विचारीत आली आहेत. गूगलचे मॅट कट्स नावाचे अभियंते २००९ पासून काही वर्षे छोट्या चित्रफितींतून अशा प्रश्नांना उत्तरे देत असत. यंदा हे प्रश्न आमचेही झाले, कारण आमच्या वर्गातील तिघींनी कपाशीच्या शेतीतील वऱ्हाडी शब्द गोळा करून एक लहानसे संकेतस्थळ उभे केले. ते उभे केल्यावर महिनाभर कोणीच आले नाही. का आले नाही, याचा शोध घेताना जे कळले तेच येथे मांडते.

प्रथम क्रमाचा प्रश्न घेऊ. शोधयंत्र आपण विचारल्यावर शोधायला निघते, अशी आपली समजूत असते. वस्तुतः ते काम आधीच झालेले असते. यंत्राचे काम तीन पायऱ्यांचे आहे. पहिल्या पायरीवर ते एका पानावरून दुसऱ्या पानावर जाणाऱ्या दुव्यांचा माग काढीत जगभरची पाने वाचत हिंडते. दुसऱ्या पायरीवर कोणता शब्द कोणत्या पानावर आहे याची सूची करते. तिसऱ्या पायरीवर, आपण प्रश्न टाकला की, त्या सूचीतील पानांचा क्रम लावते. आपल्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयाचेच उदाहरण घ्या. पुस्तक कपाटात आहे, पण त्याचे कार्ड केले नाही, तर मागणाऱ्याला ते मिळणार नाही. आमच्या संकेतस्थळाचे तेच झाले होते. आमच्याकडे येणारा एकही दुवा कोठे नव्हता. गावाला रस्ताच नसेल तर पाहुणा येणार कसा?

क्रम लावण्याची जी पद्धत गूगलला मोठेपण देऊन गेली, ती अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात लॅरी पेज आणि सर्गे ब्रिन या दोन संशोधक विद्यार्थ्यांनी काढली आणि १९९८ साली प्रसिद्ध केली. तिचे नाव ‘पेजरँक’. तिचे तत्त्व आपल्याला नवे वाटू नये. बैल घ्यायचा असला की आपण चार जणांना विचारतो. ज्याची चार भले लोक शिफारस करतात, त्याच्या शब्दाला अधिक वजन असते. आणि जो माणूस दिसेल त्याची शिफारस करीत सुटतो, त्याच्या शब्दाला तेवढे वजन राहत नाही. एका पानाने दुसऱ्या पानाला दिलेला दुवा म्हणजे अशी शिफारस. शिफारस करणाऱ्याचे स्वतःचे वजन त्याने दिलेल्या सर्व शिफारशींत वाटले जाते. ही मोजणी कोट्यवधी पानांवर केली म्हणजे प्रत्येक पानाचे वजन निघते.

अर्थात माणूस तेथे आला की लबाडीही आली. लोक दुवे विकत घेऊ लागले, उसन्या मजकुराची पाने रचू लागले. म्हणून कंपनीला नियम बदलावे लागले. २०११ साली पोकळ मजकुराची पाने मागे ढकलणारा बदल झाला, २०१२ साली विकतच्या दुव्यांना आळा घालणारा. आज दुव्यांखेरीज शब्द, भाषा, शोधणाऱ्याचे गाव, मजकुराचा ताजेपणा, पान मोबाईलवर नीट दिसते की नाही, अशा अनेक गोष्टी पाहिल्या जातात. पण प्रत्येकीला किती महत्त्व, हे कंपनी सांगत नाही. परीक्षेचा अभ्यासक्रम जाहीर, पण गुणांची विभागणी गुप्त, असा हा प्रकार आहे. संकेतस्थळवाल्यांची खरी तक्रार येथेच आहे. एका बदलाने कोणाचे पान पहिल्यावरून पन्नासावे होते आणि का झाले ते त्याला कळत नाही.

मराठीच्या बाबतीत आणखी एक अडचण होती आणि ती काही अंशी अजून आहे. देवनागरी अक्षरे युनिकोडमध्ये १९९१ पासून आहेत. तरीही पुढे कित्येक वर्षे आपली बरीच वृत्तपत्रे व संस्था निरनिराळ्या खाजगी फाँटमध्ये मजकूर टंकित करीत. डोळ्यांना ‘कापूस’ दिसे, पण यंत्राच्या पोटात मात्र रोमन अक्षरांचा गोंधळ असे. त्यामुळे शोधयंत्राच्या लेखी तो मजकूर मराठी नव्हताच. १९९६ साली ‘मायबोली’ हे संकेतस्थळ सुरू झाले, १ मे २००३ रोजी मराठी विकिपीडियाचा आरंभ झाला, तरी छापील मराठीचा मोठा भाग यंत्राला अदृश्यच राहिला. २०११ च्या जनगणनेत मराठी ही मातृभाषा सांगणारे ८ कोटी ३० लाख लोक होते. एवढ्या लोकांच्या भाषेत विश्वासाची पाने थोडी, आणि त्यांना एकमेकांशी जोडणारे दुवे त्याहून थोडे. शिफारशींवर चालणाऱ्या बाजारात आपण एकमेकांची शिफारसच केली नाही, असे म्हटले तर वावगे ठरू नये.

आता दुसरा प्रश्न, जाहिरातीचा. गूगलने २००० साली शोधाच्या यादीबरोबर जाहिराती विकायला सुरुवात केली. ही विक्री लिलावाने होते. आमच्याकडे बाजार समितीच्या आवारात कापसाच्या गाड्या लागतात आणि व्यापारी बोली लावतात, तसाच हा लिलाव. फरक एवढाच की तो प्रत्येक शोधाच्या वेळी, पापणी लवण्याच्या आत उरकतो. दुसरा फरक मोलाचा आहे. केवळ मोठी बोली लावून वरची जागा मिळत नाही. जाहिरात त्या शोधाशी किती जुळते आणि लोक ती उघडतील का, याचाही हिशेब धरतात. आणि जिंकणाऱ्याला आपली पूर्ण बोली मोजावी लागतेच असे नाही. खालच्याच्या वर राहायला लागेल तेवढेच, तेही कोणी जाहिरात उघडली तरच, द्यावे लागते.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात ठेवली पाहिजे. जाहिरातीला पैसे दिले म्हणून खालच्या बिनपैशाच्या यादीत क्रम वर जात नाही, असे कंपनी सांगते. म्हणजे पानावर दोन याद्या आहेत : एक विकलेली, एक मोजलेली. दोन्ही एकाखाली एक, जवळजवळ सारख्याच अक्षरांत. आपल्या यवतमाळला वृत्तपत्रांची परंपरा आहे. लोकनायक बापूजी अणे यांनी येथून ‘लोकमत’ साप्ताहिक चालविले, आणि पुढे जवाहरलाल दर्डा यांनी ते नाव पुन्हा उभे करून १९७१ साली नागपुराहून त्याचे दैनिक केले. छापील पत्राच्या वाचकाला चौकटीतील जाहिरात आणि बातमी यांतील फरक सवयीने कळतो. तो फरक ओळखण्याची सवय मोबाईलच्या वाचकाला अजून लागायची आहे.

जाहिरातीची दुसरी बाजू लिहिणाऱ्याची. २००३ साली निघालेल्या ‘ॲडसेन्स’ योजनेत संकेतस्थळवाला आपल्या पानावर जागा देतो, गूगल तेथे जाहिरात लावते, आणि जाहिरातदाराने दिलेल्या शंभर रुपयांतील साधारण ६८ रुपये संकेतस्थळवाल्याला मिळतात. परंतु ही सोय भाषेप्रमाणे मिळते. हिंदीला ती २०१४ साली मिळाली, मराठीला २०१८ साली. म्हणजे पंधरा वर्षे इंग्रजीत लिहिणाऱ्याला या योजनेतून मिळकत होती आणि मराठीत लिहिणाऱ्याला नव्हती. ज्या पिकाला बाजारच नाही ते पीक कोण किती दिवस घेणार? तरीही ज्यांनी त्या काळात मराठीत लिहिले, त्यांचे आपल्यावर ऋणच आहे.

तिसरा प्रश्न कंपनीच्या दिशेचा. १९९८ च्या ज्या निबंधात पेज आणि ब्रिन यांनी आपले शोधयंत्र जगापुढे मांडले, त्याच निबंधाच्या परिशिष्टात त्यांनी इशारा दिला होता की जाहिरातींवर जगणारे शोधयंत्र स्वभावतःच जाहिरातदाराकडे झुकेल. दोन वर्षांत त्यांनी स्वतःच जाहिराती घेतल्या. २००४ साली कंपनीचे भाग बाजारात आले, पण संस्थापकांनी स्वतःकडे एका भागाला दहा मते असलेले भाग ठेवले. त्यामुळे भागधारक कितीही असोत, दिशा ठरविण्याचा अधिकार त्या दोघांच्या हाती राहिला. २०१५ पासून ‘अल्फाबेट’ ही मूळ कंपनी झाली. २०२४ साली तिचे उत्पन्न सुमारे ३५० अब्ज डॉलर होते, आणि त्यातील सुमारे तीन चतुर्थांश जाहिरातींचे होते. जेथून भाकर मिळते तिकडे तोंड वळते, हा मनुष्यस्वभाव आहे आणि कंपनी माणसांचीच असते.

या दिशेला लगाम घालण्याचे प्रयत्न आपल्या देशातही झाले. लग्नजुळणीची संकेतस्थळे चालविणारी ‘भारत मॅट्रिमोनी’ आणि जयपूरची ‘कट्स’ ही ग्राहक संस्था यांच्या तक्रारींवरून भारतीय स्पर्धा आयोगाने फेब्रुवारी २०१८ मध्ये गूगलला १३५ कोटी ८६ लाख रुपये दंड ठोठावला. विमानप्रवासाच्या शोधात कंपनीने आपल्याच सेवेची चौकट ठळक जागी बसविली, हा त्यातील एक ठपका होता. कंपनी त्याविरुद्ध अपिलात गेली. अमेरिकेत ऑगस्ट २०२४ मध्ये न्यायाधीश अमित मेहता यांनी गूगलने शोधाच्या क्षेत्रातील आपली मक्तेदारी बेकायदा मार्गांनी टिकविली, असा निकाल दिला. मोबाईल आणि न्याहाळकांत आपलेच शोधयंत्र आधीपासून बसविलेले असावे म्हणून गूगलने २०२१ या एका वर्षात २६ अब्ज डॉलरहून अधिक रक्कम इतर कंपन्यांना दिली, हे त्या खटल्यात उघड झाले. याद्यांतील पहिला नंबर देणाऱ्याने स्वतःचा पहिला नंबर असा राखला होता!

आणि आता यादीच मागे पडू लागली आहे. ऑगस्ट २०२४ पासून भारतात इंग्रजी व हिंदी शोधांच्या माथ्यावर यंत्राने स्वतः तयार केलेले उत्तर दिसू लागले. वाचणाऱ्याची सोय झाली, हे खरे. पण ते उत्तर ज्या पानांच्या आधारे रचले, त्या पानांपर्यंत वाचक जाईलच असे नाही. वाचक गेला नाही तर जाहिरात नाही, जाहिरात नाही तर मिळकत नाही, आणि मिळकत नाही तर लिहिणारा किती दिवस लिहील, हा आजचा सर्वांत मोठा प्रश्न आहे. यंत्राने चघळायला आधी कोणीतरी पेरावे लागते.

आमच्या संकेतस्थळाचे पुढे काय झाले तेही सांगते. एका सरांनी आपल्या लेखात आमचा दुवा दिला, दोन मैत्रिणींनी दिला, आणि काही आठवड्यांनी आम्ही सूचीत आलो. ‘कापूस भाव’ असे शोधले तर आम्ही अजूनही कोठे नाही, आणि नसावेही, कारण त्याचे उत्तर आमच्याकडे नाही. पण वेचणी संपल्यावरच्या ‘उलंगवाडी’विषयी आमच्या गावाकडची रीत शोधली, तर आमचे पान पहिले येते. आम्हाला आनंद झाला, आणि मग थोडे वाईटही वाटले. स्पर्धेत आम्ही पहिल्या आलो नव्हतो. मैदानात दुसरे कोणी नव्हतेच. त्या पानावर आम्ही काही चुकीचे लिहिले असते, तर तेही पहिलेच आले असते.

या अनुभवाने मला बाबांच्या प्रश्नाचे उत्तर दिले. पहिला नंबर म्हणजे खरेपणाचा दाखला नव्हे. तो कधी विकत घेतलेला असतो, कधी मोजून आलेला असतो, आणि आपल्या भाषेत पुष्कळदा केवळ रिकाम्या जागेमुळे मिळालेला असतो. ती जागा जो आधी भरील त्याची. विक्रेत्याने भरण्याआधी ती जाणकाराने भरली पाहिजे. आपल्या जिल्ह्यात पीक जाणणारे शेतकरी आहेत, कोलामी आणि गोरमाटी बोलणारे आजी-आजोबा आहेत, त्यांचे ज्ञान टिपून घेऊ शकणारे विद्यार्थी आणि ते तपासून देऊ शकणारे प्राध्यापक आहेत. युनिकोड देवनागरीत, आपले नाव व तारीख घालून, माहिती कोठून घेतली ते सांगून लिहिणे आणि दुसऱ्याच्या चांगल्या पानाला दुवा देणे, एवढे तर आपल्या हाती आहे. मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. त्या मानाच्या जोडीला एवढे काम आपण करायला हवे.

त्या दिवशी मी बाबांना म्हटले, “वर आलं ते विकणाऱ्याचं आहे, बाबा. थांबा, अजून खाली पाहू.” खाली कृषी विद्यापीठाची शिफारस सापडली. ती मी दोनदा वाचून दाखविली. मग बाबांनी कृषी सहायकांना फोन लावून ती पडताळून घेतली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, वारा नसताना, हातमोजे घालून आणि तोंडाला मास्क बांधून फवारणी केली.